अंगावर साबण लिहिलेला केरबा

मी केरबा बोलतोय. निळा, पन्नास लिटरचा, उचलायला वर दोन कान असलेला. तुम्ही मला कॅन म्हणत असाल, पण सुरतेत आम्हाला केरबाच म्हणतात. माझ्यावर विश्वास ठेवा, असं काही मी सांगणार नाही. मी स्वतः कुणावर ठेवत नाही.

माझ्या पोटात काय आहे ते मला नेहमी ठाऊक असायचं. माझ्या अंगावर काय लिहिलंय ते बाहेरच्यांना दिसायचं. या दोन गोष्टींचा मेळ आयुष्यात थोडेच दिवस बसला. असा जन्म काढलेल्याचा स्वभाव संशयी झाला तर त्यात नवल काय?

सुरतेजवळ सचिन नावाचं गाव आहे, तिथल्या औद्योगिक वसाहतीत माझा जन्म झाला. गरम प्लॅस्टिकची नळी साच्यात धरली, आत जोरात हवा फुंकली आणि मी फुगून साच्याच्या भिंतीला टेकलो. गार झालो तेव्हा माझ्यासारखेच शंभर भाऊ रांगेत उभे होते.

पहिल्यांदा माझ्यात भरलं ते सोप ऑइल. कपडा धुताना मिलमध्ये वापरतात तो घट्ट, पिवळसर साबण. त्या कारखान्यात आमच्या दोन रांगा केल्या होत्या. एक रांग हजीऱ्याच्या बंदरावरून परदेशी जाणार होती, दुसरी इथेच राहणार होती. दोन्हींत माल एकाच टाकीतला. पण परदेशी जाणाऱ्या भावांच्या अंगावर मोठं लेबल लागलं. त्यावर लाल काठाचा, टोकावर उभा चौकोन, आत काळं उद्गारचिन्ह, खाली मजकूर: डोळ्यांत गेल्यास आग होते, गेल्यास अमुक करा. आमच्यावर नुसतं हिंदीत आणि इंग्रजीत 'सोप ऑइल' आणि एक नंबर.

परदेशातल्या माणसांचे डोळे वेगळे असतात का, असं मी शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, "तिकडे विचारणारं कुणीतरी असतं."

माझा संशय तिथून सुरू झाला.

माझ्या त्या छोट्या लेबलाचा गोंद मात्र फार चांगला होता. सोप ऑइल संपलं, मला भंगारवाल्याने नेलं, आतून बाहेरून धुतलं, उन्हात वाळवलं, तरी कागद हलला नाही. मग मी एका गोदामात विकला गेलो. तिथे टँकरमधून आलेलं तेजाब, म्हणजे ॲसिड, लहान केरब्यांमध्ये भरून मिलना पुरवत. आमच्या वाट्याला फॉर्मिक ॲसिड आलं. रंगखात्यात लागतं ते. दिसायला पाण्यासारखं, वास झोंबणारा, मुंगळे चिरडल्यासारखा. अंगावर पडलं तर कातडी जाळतं.

भरणाऱ्या माणसाने शेठला विचारलं, "नवीन लेबलं संपली. याच्यावर जुना कागद आहे, काय करू?"

"मागच्या बाजूने खडूने लिही. टेम्पो उभा आहे."

त्याने खडूने लिहिलं. टेम्पो निघाला, ताडपत्री वाऱ्याने फडफडत माझ्या पाठीवर घासत राहिली, आणि सुरतेतलं पांडेसरा येईपर्यंत माझी पाठ स्वच्छ झाली. पुढून मी सोप ऑइल होतो. पोटात तेजाब होतं. मला तोंड होतं, पण त्याला घट्ट झाकण होतं.

पांडेसऱ्याच्या त्या डाइंग मिलमध्ये स्टोअर अविनाश साहेब सांभाळायचे. मराठी माणूस. वडील शाळामास्तर होते, अक्षर सुंदर, स्वभाव भित्रा. त्या दिवशी गाडीत सोप ऑइलचे आणि फॉर्मिकचे मिळून बावीस केरबे होते. साहेबांनी बावीस मोजले, चलनावर सही केली, आणि प्रत्येकाचं लेबल बघून त्याला त्याच्या जागी ठेवायला सांगितलं. मला साबणाच्या रांगेत ठेवलं.

मला उतरवणारा होता भिकन. पन्नाशीचा, अमळनेरकडचा, वीस वर्षं याच मिलमध्ये. सही करण्यापुरतं लिहिता येई, वाचणं जेमतेम. मला खाली ठेवताना तो थबकला. नाक झाकणाजवळ आणलं. पुन्हा एकदा आणलं. पण मागून हाक आली, "भिकन, चल लवकर, सगळ्यांना बोलावलंय." तो गेला. झाकण घट्ट होतं, त्याची खात्री झाली नसावी. मी मात्र आजही त्या हाकेवर चिडतो.

बोलावलं होतं ते तालमीसाठी. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या एका कामासाठी पाहणी होणार होती. स्टोअरच्या दारात अविनाश साहेबांनी वीस कामगार उभे केले आणि शाळेत पाढे घेतात तसं घेतलं.

"पहिलं चित्र?"

"आग!"

"दुसरं?"

"स्फोट!"

"तिसरं?"

"विष!"

"चौथं?"

"हात जळतो!"

अशी नऊ चित्रं. चित्रांची कार्डं कुणाला दाखवलीच नाहीत, ती साहेबांकडेही नव्हती. त्यांना फक्त क्रम कळला होता.

"नीट पाठ करा. अहवाल वर जाणार आहे. मिलचं नाव खराब व्हायला नको."

कामगारांत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, जो नापास होईल त्याला घरी बसवणार. दुसरा म्हणाला, चित्रांचं निमित्त आहे, न शिकलेल्यांना काढायचंय.  भिकन फक्त पाठ करत राहिला. त्याच्या शेजारी त्याचा जावई योगराज उभा होता. तिशीच्या आतला, बारावी झालेला, मिलमध्ये येऊन वर्षच झालं होतं. तो हसून म्हणाला, "मामा, तुम्ही घाबरू नका. मी वाचून सांगेन."

दुसऱ्या दिवशी शैलजा मॅडम आल्या. सुरतेतल्या एका मराठी शाळेत बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज. स्टोअरसमोर टेबल टाकून त्या बसल्या. मी दहा हातांवर होतो, सगळं ऐकू येत होतं.

त्या म्हणाल्या, "रसायनांच्या पिंपांवर देशभर एकसारखी चिन्हं लावायची तयारी चालू आहे. जगात पुष्कळ ठिकाणी हीच चिन्हं चालतात. आपल्याकडे लावण्याआधी ती तुम्हाला कळतात का, ते बघायचंय. ही तुमची परीक्षा नाही. चित्रांची परीक्षा आहे."

कुणालाच ते पटलं नाही. मलाही नाही. परीक्षा घेणारा नेहमी असंच म्हणतो.

पहिल्या चौघांनी धडाधड उत्तरं दिली. आग, स्फोट, विष, हात जळतो. पाचव्यानेही तीच, त्याच शब्दांत, त्याच सुरात. मॅडमनी पेन खाली ठेवलं. समोरच्या नऊ कार्डांकडे बघितलं. मग ती गोळा केली आणि पत्ते पिसतात तशी पिसली.

अविनाश साहेब पुढे झाले. "मॅडम, त्यांचे नंबर बिघडतील."

"बिघडू देत."

सहावा नंबर भिकनचा होता. त्याच्यासमोर पहिलंच कार्ड आलं ते चौथं चित्र. वरून थेंब पडतायत, खाली हात.

भिकनने पाठांतर आठवून पाहिलं. "आग" म्हणणार होता, पण चित्रात आग नव्हती.  मग खरं ते बोलला.

"हे हात धुवायचं औषध असंल."

मागे कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दुसरं कार्ड ठेवलं. माणसाची काळी आकृती, छातीत पांढरी फुली फुटल्यासारखी.

"हा तर मारुती," भिकन म्हणाला. "छाती फाडून दाखवतोय."

या वेळी कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तसंच दिसत होतं.

"मग या केरब्यात काय असेल, भिकनभाऊ?"

"ताकदीचं काहीतरी."

मॅडमनी डोळे मिटले, उघडले, आणि लिहिलं. त्या चित्राचा अर्थ होता: हळूहळू फुप्फुसं आणि आतले अवयव खराब करणारं. मला तो ठाऊक होता, परदेशी जाणाऱ्या दुसऱ्या एका मालावर मी ते चिन्ह पाहिलं होतं.

तिसरं कार्ड वाळलेल्या झाडाचं आणि मेलेल्या माशाचं. भिकनने ते हातात घेतलं. "हे बरोबर आहे. हे आमच्या खाडीचं आहे. हे शिकवायला नको."

मग योगराज आला. कार्डं कितीही पिसली तरी त्याला फरक पडला नाही. चित्रं ओळखली, कार्डामागचा मजकूर घडाघडा वाचला. मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी त्याच्या फॉर्मवर लिहिलं: 'पूर्ण समजते.' योगराजने सासऱ्याकडे पाहिलं. त्याची मान जरा ताठ झाली होती.

तो उठला तेव्हा बाजूला थांबलेल्या भिकनने विचारलं, "मॅडम, चित्र चांगलं आहे. पण कागदच खोटा असला तर चित्र काय करील?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे केरबा एकाचा, माल दुसऱ्याचा, कागद तिसऱ्याचा असतो. मी कागद बघत नाही. वास घेतो, हलवून बघतो, मग कोळशाने माझी खूण करतो."

अविनाश साहेब घाईने म्हणाले, "मॅडम, अजून तेरा जण बाकी आहेत."

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला. "याला इथे जागा नाही, भिकनभाऊ. आपण नंतर बोलू."

भिकनने मान हलवली. 'नंतर' या शब्दाचा अर्थ त्याला चांगला माहीत होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास योगराज मला न्यायला आला. त्याने मला फिरवलं, लेबल वाचलं, बोटाने अक्षरांखाली रेघ ओढत वाचलं. सोप ऑइल. इतक्या काळजीने वाचणारा माणूस मला क्वचितच भेटला. मला ओरडावंसं वाटत होतं.

मशीनशेजारच्या टाकीत हायड्रोचं पाणी तयार होतं. कपड्यावरचा उरलेला रंग काढायला हायड्रो नावाची पूड पाण्यात मिसळतात. त्या पाण्यात तेजाब पडलं की गुदमरवणारा वायू उठतो. त्यातच साबण घालायचा होता, म्हणून योगराजने मला मांडीवर घेऊन तिरका केला. माझं तोंड उघडलं आणि मी साबणाऐवजी तेजाब ओकलो.

टाकीतून ढग उठला. योगराज मागे सरकला, मी त्याच्या हातातून निसटलो, आणि माझ्यातलाच एक शिपका त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. तो किंकाळला नाही. श्वासच नव्हता त्याला.

भिकन धावत आला. नाकावर गमछा, दुसऱ्या हाताने जावयाची मानगूट धरून त्याला ओढत नळाखाली नेलं. नळ पूर्ण सोडला, डोळा बोटांनी उघडा धरला आणि सोडलाच नाही. रिक्षा येऊन उभी राहिली तरी तो म्हणत होता, "अजून पाणी, अजून पाणी."

रिक्षात योगराजबरोबर अविनाश साहेब बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय गेलंय डोळ्यात? साहेबांनी लेबल आठवून सांगितलं, साबण. साबण म्हटल्यावर जितकं करतात तितकं डॉक्टरांनी केलं. मागून दुसऱ्या रिक्षाने भिकन पोचला आणि दारातूनच ओरडला, "साबण नाही डॉक्टर, तेजाब आहे! फॉर्मिक!" तेव्हा कुठे पुन्हा धुणं सुरू झालं. हे सगळं मी नंतर ऐकलं. ती मधली वीस मिनिटं माझ्या अंगावरच्या कागदाने खाल्ली. मी ती विसरलेलो नाही.

दुसऱ्या सकाळी अविनाश साहेब स्टोअरमध्ये आले ते खाली मान घालून. मालकांचा फोन येऊन गेला होता. रजिस्टरमध्ये त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: कामगाराने निष्काळजीपणे चुकीचा केरबा उचलला. मग त्यांनी भिकनला बोलावलं.

"हा केरबा भंगारात टाक. आधी कागद खरवड. पाणी लावून, नीट."

"योगराजला वाचता येत होतं, साहेब," भिकन म्हणाला. "तो दवाखान्यात हेच म्हणतोय, वाचलं म्हणून तर टाकलं."

साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मला मुलं आहेत, भिकन. तुला सांगितलं तेवढं कर."

"हो साहेब."

भिकनने कागद खरवडला नाही. मला सायकलच्या कॅरिअरवर आडवा बांधला, लेबल आतल्या बाजूला. फाटकावर वॉचमनने विचारलं, "पाणी माटे?" भिकन म्हणाला, "हो, पाणी भरायला." सगळेच कामगार रिकामे केरबे पाण्यासाठी नेतात, कुणाला काही वाटलं नाही. माझ्या तळाशी अजून दोन तांबे तेजाब होतं.

हा मला कशाला नेतोय? मी वाटभर विचार करत होतो. विकणार? मालकाला धमकावणार? माणसाचा चांगुलपणा मला एकदम सुचत नाही.

बमरोलीला त्याची एक खोली, शेजारची खोली मुलीची आणि जावयाची. त्याने मला मोरीच्या कोपऱ्यात ठेवलं, वर पोतं टाकलं आणि कुणालाही काही न सांगता दवाखान्यात निघून गेला. मिलमध्ये कोण कोणाला काय सांगेल याचा त्याला भरवसा नव्हता, म्हणून त्याने घरीही तोंड उघडलं नाही.

दुपारी नळ आला. मुलगी रंजना दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती. योगराजला बघायला गावाकडची माणसं यायची होती, घरात पाणी नव्हतं. तिने पोतं उचललं. निळा केरबा बघून तिला बरंच वाटलं. तिने लेबल वाचलं, साबणाचा आहे, विसळला की झालं असं म्हणाली, माझं झाकण काढलं आणि नळाची रबरी नळी माझ्या तोंडापाशी आणली.

त्याच वेळी भिकन दारात आला.

"ओ पोरी! हात काढ! ते पाणी नही शे, तेजाब शे!"

तिने नळी टाकली. झाकणाचा ओलावा तिच्या बोटांना लागला होता, दोन बोटं लाल झाली. भिकनने तिचे हात नळाखाली धरले.  पाणी सगळ्या खोलीभर पसरलं.

नळ बंद करत रंजना म्हणाली, "आबा, माले काबर नही सांगं?"

का सांगितलं नाही, एवढंच ती विचारत होती. ती पुन्हा म्हणाली, "त्या मिलवालास्नी नही सांगं ते नही सांगं. पन तुम्हीन बी नही सांगं?"

तो तिथेच ओल्या फरशीवर बसला. सगळ्यांचा संशय घेता घेता आपणही एक केरबा न सांगता ठेवून दिला, आणि तो आपल्याच मुलीच्या हातात गेला, हे त्याला कळलं. तो उठला, चुलीतला कोळसा घेतला आणि माझ्या चारही बाजूंना मोठ्या फुल्या मारल्या. रंजनाने एक लाल चिंधी माझ्या कानाला बांधली. मग तिने शेजारणींना दोन्ही बाजूंनी हाका मारून सांगितलं, "आमच्या मोरीतल्या निळ्या केरब्याला हात लावू नका."

चार दिवसांनी शैलजा मॅडम आल्या. पाहणीची दुसरी फेरी होती आणि योगराज दिसला नाही म्हणून त्यांनी विचारलं, तर साहेब म्हणाले, गावी गेलाय. मॅडमना ते पटलं नाही. त्यांनी फॉर्मवरचा पत्ता काढला आणि शोधत शोधत आल्या.

भिकन दारातच उभा राहिला. "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"मिलने?"

"नाही, भिकनभाऊ."

"मग कशाला आल्या?"

मॅडमनी पिशवीतून एक कागद काढला. योगराजचा फॉर्म. "इथे मी लिहिलंय, पूर्ण समजते. त्याला समजत होतं, हे खरंच होतं. पण तुम्ही मला विचारलं होतं, कागद खोटा असला तर काय? आणि मी म्हटलं, जागा नाही. बावीस वर्षं मुलांना शिकवतेय, आधी प्रश्न ऐका. मीच ऐकला नाही."

भिकन दारातून हलला नाही. माझा विश्वास बसला नव्हता. माफी मागणारी माणसं पुष्कळ बघितलीत, ती कामासाठी मागतात. पण आतून रंजना म्हणाली, "आबा, त्यास्ले दाखाडा." आणि भिकन बाजूला झाला.

मॅडम माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. लेबल, फुल्या, लाल चिंधी, सगळं बघितलं. हातमोजे घालून तळातलं थोडं तेजाब काचेच्या बाटलीत घेतलं. बाटलीवर कागद लावताना त्यांनी भिकनला विचारून विचारून लिहिलं: कुठून घेतलं, कधी, कुणासमोर. खाली दोघांनी सह्या केल्या. मग रंजनाने केली. माझ्या पोटातल्या गोष्टीवर लिहिलेला तो पहिला खरा कागद.

महिन्याभराने सुरतेत एका सभागृहात बैठक झाली. दिल्लीहून दोन अधिकारी आले होते, मिलवाले होते, केमिकल विकणारे होते. नवी चिन्हं लावायला किती मुदत हवी, कोणती भाषा, अक्षर केवढं, यावर चर्चा चालली होती. शैलजा मॅडमनी मला टेबलावर ठेवायला लावलं. चहाच्या कपांशेजारी मी, पोट धुतलेलं, अंगावर फुल्या. बरीच माणसं खुर्च्या मागे सरकवून बसली.

मॅडमनी सगळं सांगितलं. मिलचं नाव घेतलं नाही. तपासणीचा कागद वाचून दाखवला: लेबल सोप ऑइलचं, आत फॉर्मिक ॲसिड.

एक गृहस्थ उठले. "हा केरबा महिनाभर कामगाराच्या घरी होता म्हणता. मग कागद नंतर कुणी चिकटवला नाही कशावरून? कामगाराची चूक झाकायला हे केलं नसेल कशावरून?"

सभागृहात माना डोलल्या. मला वाईट वाटलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

भिकन मागच्या रांगेत बसला होता. तो उभा राहिला. हाताने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"साहेब, तुमचा संशय बरोबर आहे. मी पन कागदावर विश्वास ठेवत नाही. हा कागद खरवडायला मला सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही. त्यालाही पोरं आहेत. पन माझ्या जावयाच्या नावापुढे निष्काळजी लिहिलंय. त्याने वाचलं होतं. तुम्ही सगळे जसे वाचता तसंच वाचलं होतं."

आणि तो बसला.

 अधिकाऱ्यांनी पुढचा मुद्दा घ्यायला कागद उलटला. तेव्हा दुसऱ्या रांगेतून अविनाश साहेब उठले. चेहरा पांढरा पडला होता.

"मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "लेबल त्या दिवशी केरब्यावर होतं. मी ते वाचूनच त्याला साबणाच्या रांगेत ठेवलं. झाकण उघडून बघितलं नाही. दवाखान्यातही मीच साबण म्हणालो."

 त्यांनी खिशातून चलनाची प्रत काढली आणि टेबलावर माझ्याशेजारी ठेवली. त्यावर फॉर्मिकचे बारा केरबे लिहिले होते. मिलमध्ये फॉर्मिकच्या रांगेत अकराच लागले होते.

अविनाश साहेबांचा हा चांगुलपणा खरा की भीती अंगावर आली म्हणून केलेला, हे मी पुष्कळ दिवस घोळवत होतो. पुढे ती नोकरी त्यांच्याकडे राहिली नाही. आता सचिनला एका लहान कारखान्यात असतात, आणि येणारा प्रत्येक केरबा उघडून बघितल्याशिवाय सही करत नाहीत असं ऐकतो. एवढ्यावर मी घोळवणं थांबवलं.

रजिस्टरमधली ती ओळ खोडली गेली. नवी लिहिली: कामगाराची चूक नाही. वायूने योगराजची छाती भरली होती, ती सुधारली. डाव्या डोळ्याने त्याला धूसर दिसतं, आणि ते तसंच राहणार आहे. मिलमध्ये तो परत गेला नाही. एका छापखान्यात काम करतो. घरी औषधाची बाटली आली तरी वाचून झाल्यावर विचारतो, "हे कोणी लिहिलं?" रंजना पूर्वी हसायची. आता उत्तर शोधून देते.

पाहणी पुन्हा झाली, या वेळी पहिल्यापासून कार्डं पिसून. 'समजते'चे फॉर्म निम्म्याहून कमी भरले. फॉर्मच्या शेवटी एक नवा प्रश्न आला: जुन्या लेबलावर दुसरा माल भरलेला तुम्ही पाहिला आहे का? अहवालात एक वाक्यही गेलं, की जुना कागद काढल्याशिवाय केरबा पुन्हा भरू नये. नियम पूर्ण कधी लागू होणार, ते मला माहीत नाही. लागू झाला तरी टेम्पो उभा असताना तो कोण पाळणार, हेही माहीत नाही. माझा स्वभाव एका वाक्याने बदलणारा नव्हे.

नंतर मी मॅडमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात होतो. कामगारांच्या शिबिरात मला दाखवायचं, असं त्यांच्या मनात होतं. एका रविवारी भिकन आणि योगराज आले. भिकनच्या हातात कुणाचं तरी उसनं आणलेलं ड्रिल होतं.

"मॅडम, दाखवा खुशाल. पन आधी याला भोकं पाडू द्या."

"अहो, स्वच्छ धुतलाय मी तीनदा."

"तुम्ही धुतलाय. तुमची बदली झाली, शिपाई नवा आला, मे महिन्यात पाणी गेलं. कोणीतरी भरीलच यात."

"मी मोठं लेबल लावते ना, पाणी भरू नये म्हणून."

भिकनने माझ्या अंगावरच्या लेबलाकडे बोट दाखवलं. मग मॅडमनाच आपल्या बोलण्याचं हसू आलं. "पाडा," त्या म्हणाल्या.

योगराजने माझे दोन्ही कान धरले. भिकनने माझ्या तळाला पाच भोकं पाडली, सावकाश, एकामागून एक. निळा भुसा फरशीवर पडला आणि रंजनाने पाठवलेल्या फडक्याने तो त्याने गोळा केला.

आता मी कशाच्याच उपयोगाचा नाही. माझ्यात कुणी काही भरू शकत नाही, म्हणून माझ्यावर कुणी खोटंही लिहू शकत नाही. मी शांत आहे, म्हटलं तरी चालेल.

पण तुमच्या घरी मोरीपाशी, गच्चीवर, गोठ्यात माझा एखादा निळा भाऊ पाणी भरून उभा असेल. स्वस्तात मिळाला म्हणून आणला असेल. चांगला मजबूत असेल. आधी त्याच्यात काय होतं, ते आणणाऱ्याला विचारा. त्याने ज्याच्याकडून आणला त्यालाही विचारायला लावा. कुणालाच सांगता आलं नाही, तर पाणी ओतून द्या आणि त्याच्या तळाला भोक पाडा.

आम्हाला दुखत नाही.